ओएसपीएफ: ब्रॉडकास्ट की पॉइंट-टू-पॉइंट?

जळगाव-भुसावळ फायबरच्या दोन टोकांना दोनच राउटर असतील, तर ओएसपीएफला (राउटर एकमेकांना नेटवर्कचे मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) सरळ पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे दोघांचीच थेट लिंक, सांगून टाकावं. इथरनेट दिसलं की ते आपोआप ब्रॉडकास्ट, म्हणजे अनेक राउटरांचं सामायिक नेटवर्क, धरतं आणि लिंक नव्याने सुरू झाली की डीआर (सगळ्यांना बदल वाटणारा मुख्य राउटर) निवडायला 40 सेकंद थांबतं. दोघांत कसली आलीय निवडणूक!

धुळ्याच्या ऑफिसात एकाच स्विचवर 6 राउटर असतील तर मात्र ब्रॉडकास्टच बरा. बदल 224.0.0.6 या गट-पत्त्यावर डीआर आणि त्याचा राखीव बीडीआर यांच्याकडे जातो, मग डीआर तो 224.0.0.5 वर सगळ्यांना कळवतो. प्रत्येकाने प्रत्येकाशी जोडायच्या 15 ऐवजी, फक्त डीआर-बीडीआरशी जोडून, 9 जोड्यांत भागतं.

एका टोकाला ब्रॉडकास्ट, दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट राहिलं, तर शेजारचा राउटर ‘फुल’ (जोडणी पूर्ण) दिसतो, पण राउटिंग टेबलात त्याच्याकडचे रूट येतच नाहीत. तासन् तास केबल तपासत बसतात लोक.