दोन सांगाडे, एक बोंबील आणि नौपाड्यातले फ्रेमवाले काका

आधी ऑनलाइनवाल्यांचं रडगाणं गाते, म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यातल्या फ्रेमवाल्या काकांना पाच स्टार का दिले ते कळेल.

मला जेम्स एन्सोर या बेल्जियन चित्रकाराचं १८९१ चं एक चित्र भिंतीवर हवं होतं. दोन सांगाडे एका खारवलेल्या हेरिंग माशावरून भांडतायत. भांडतायत म्हणजे माशाचं एक टोक ह्याच्या दातात, दुसरं त्याच्या, आणि दोघं ओढतायत. एकाच्या डोक्यावर ऐटीत केसाळ टोपी. दोघांना ना जीभ ना पोट, मासा मिळालाच तरी बरगड्यांतून खाली पडणार, पण सोडायला कोणी तयार नाही. मी पहिल्यांदा हे मोबाईलवर बघितलं ते ठाणा स्लो लोकलमध्ये, आणि फिस्सकन हसले तर समोरच्या बाईने पर्स जवळ ओढली.

तर एका साइटवरून (नाव नको, फुकटची कटकट) ३६ बाय २४ इंचाचा कॅनव्हास मागवला, २,८०० रुपये. आला तो बघून अंगावर काटा आला, म्हणजे चित्रामुळे नाही, प्रिंटमुळे. त्यांच्या ठरलेल्या साइजमध्ये बसवायला वरून कापलंय, टोपी अर्धी गायब, मागचं फिकट आभाळ जांभळंगच्च, आणि एकूण गडकरी रंगायतनच्या बाहेर भुताच्या नाटकाचं होर्डिंग लागावं तसा अवतार. रिटर्न नाही म्हणे, कस्टम ऑर्डर आहे.

पण चूक थोडी माझीही. मूळ चित्र आहे १६ बाय साडेएकवीस सेंटिमीटर. बस्स! लाकडी फळीवर रंगवलेलं, शंभर पानी वहीएवढं. ते ब्रसेल्सच्या म्युझियममध्ये आहे आणि तिथे माणसाला जवळ जाऊन वाकून बघावं लागत असणार, आणि वाकल्यावर कळतं की अरे हे तर मासा ओढतायत. तीन फुटांवर ताणलं की नुसती भीती उरते, गंमत जाते.

हा एन्सोर तसा वल्लीच. ओस्टेंड नावाच्या समुद्रकाठच्या गावातला, घरचं दुकान शंखशिंपले, मुखवटे असल्या वस्तूंचं, त्यामुळे चित्रांत मुखवटे आणि कवट्या सगळीकडे. १८८८ मध्ये त्याने एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून काढलेलं छापचित्र) केलं, पडलेला सांगाडा, आणि नाव काय तर ‘१९६० मधलं माझं चित्र’. जन्म १८६० चा, म्हणजे शंभराव्या वाढदिवसाची तयारी अठ्ठाविसाव्या वर्षीच. (गेला १९४९ ला, म्हणजे १९६० पर्यंत पोझ परफेक्ट जमली असणार.) आणि माशामागे शब्दाचा खेळ आहे. फ्रेंचमध्ये असल्या हेरिंगला म्हणतात ‘आराँ सोर’, आणि ‘आर आँसोर’ म्हणजे एन्सोरची कला, भरभर बोललं की दोन्ही सारखंच ऐकू येतं. म्हणजे तो मासा तो स्वतःच, आणि ओढणारे ते समीक्षक, असं मानतात. स्वतःला सुक्या माशाच्या भावात काढणारा चित्रकार मला तरी दुसरा माहीत नाही.

मग गोखले रोडजवळच्या प्रिंटवाल्याकडून मूळ साइजची मॅट पेपरवर प्रिंट काढली, १८० रुपये, रंग बरेच बरे, आणि ती घेऊन आईसोबत काकांकडे गेले. दुकान म्हणजे सहा फुटांची खोली, भिंतभर स्वामी समर्थ, साईबाबा आणि हार घातलेले आजोबा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून प्रिंट नाकाजवळ धरली, “बोंबील आहे काय?” म्हटलं तसाच काहीतरी. मग म्हणाले, “आमच्याकडे मेलेल्यांचेच फोटो जास्त येतात ताई, पण इतके खुशीत हे पहिलेच. वर हाराला हुक ठेवू?”

मी सोनेरी नक्षीची पट्टी दाखवली तर सरळ नाही म्हणाले. बारीक काळी पट्टी, चारी बाजूंनी अडीच इंच ऑफव्हाइट माउंट (चित्राभोवतीचा कोरा पुठ्ठा), साधी काच. एवढं मोकळं कशाला म्हटलं तर म्हणे चित्र छोटं आहे, त्याला श्वास घेऊ दे. सांगाड्यांना श्वास! स्वतःचा जोक त्यांना दोन सेकंदांनी कळला. मागे हार्डबोर्ड लावून कडा टेपने नीट बंद केल्या, कारण आपल्याकडे पावसाळ्यात ओल आणि कसर दोन्ही आत शिरतात. एकूण ९५० रुपये, चार दिवस. हुक जरा डावीकडे बसवला होता, फ्रेम तिरकी लटकायची, परत नेली तर चहा पाजून फुकट करून दिलं.

आई आधी दुकानातच कुरकुरली होती, पितृपक्षात हाडं कशाला घरात. घरी आल्यावर जवळ जाऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “हे तुझे बाबा, आणि टोपीवाले अण्णा.” बाबा आणि अण्णाकाका गावच्या दोन गुंठ्यांवरून एकोणीस वर्षं कोर्टात होते. दोघंही गेले, तारखा अजून पडतायत. फ्रेम आता डायनिंग टेबलासमोर आहे, आईनेच जागा ठरवली.

ऑनलाइनवाल्यांना एक स्टार, तोही पॅकिंगच्या नळकांड्याला, त्यात आता छत्र्या राहतात. काकांकडे जाणार असाल तर दुपारी दोन ते पाच बंद असतं आणि गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही.