कॅनडा की जर्मनी, बिऱ्हाडासकट?

कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या स्थलांतर योजनेत, हातात नोकरी नसली तरी चालतं. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळते तीही बायको-मुलांसकट. पण वयाचे गुण तिशीपासून उतरतात, ४५ला शून्य. मार्च २०२५पासून जॉब ऑफरचे जादा गुणही गेले. शिवाय उतरल्यावर नोकरी शोधायची ती बचत मोडून, आणि पहिला खर्च पोरांच्या जाड जॅकेटांचा.

जर्मनीत उलटं: आधी ऑफर, मग ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना तिथे राहून काम करायचा परवाना. जोडीदाराला जर्मन येत नसलं तरी व्हिसा मिळतो, नोकरीचीही मुभा. कागदावर, हं! शाळेतून आलेली चिठ्ठी वाचायला भाषा लागतेच. नर्सना तर सहसा जर्मनची बी-टू, म्हणजे मध्यमच्या वरची, पातळी लागते. मुलं लहान असतील तर मी जर्मनीच म्हणेन. २०२४ला आलेला चान्सनकार्ट व्हिसा मात्र एकट्याने जाऊन नोकरी हुडकायला.