पावसाळ्यानंतरची रंगवलेली जेसीबी

पाऊस उघडला की कामं निघतात आणि जुन्या बॅकहोचा, म्हणजे पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेल्या मशीनचा, बाजार तापतो. (मशीन कुठल्याही कंपनीची असो, आपल्याकडे ती जेसीबीच.) घेणाऱ्याला उद्यापासून खोदकाम सुरू करायचं असतं, विकणाऱ्याला त्याची घाई बरोबर कळते.

कामाचे तास मोजणारा मीटर ४,००० दाखवतो, पण मीटर बदलता येतो. पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि मागचा बूम (खोदायच्या हाताचा मशीनकडचा भाग) आडवा ढकलला की किंगपोस्टला, म्हणजे बूम ज्यावर डावी-उजवीकडे फिरतो त्या सांध्याला, खडखड वाजतं, तर तो आकडा खोटा धरा. बाकी सगळं जुनं आणि पेडलचं रबर तेवढं कोरं असेल, तर संशय दुप्पट. मशीनला टेलिमॅटिक्स (तास वगैरे माहिती परस्पर कंपनीला पाठवणारं यंत्र) असेल तर विकणाऱ्यासमोरच डीलरला सिरीयल नंबर देऊन तास विचारा.

तुम्ही पोचायच्या आधी मशीन सुरू करून ठेवतात. इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर सौदा न बोलता दुसऱ्या दिवशी पहाटे, न कळवता जा. झिजलेल्या इंजिनात जाड तेल भरून धूर दाबलेला असतो. तो डाव थंड स्टार्टला उघडा पडतो. मग इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि तिथेच उलटं ठेवा. झाकण नाचायला लागलं, खालून धूर फेकला, की पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा.

खरा खड्डा मात्र बूम-बकेट हलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडमध्ये असतो. चार महिने मशीन उघड्यावर, रॉड बाहेर काढलेल्या अवस्थेत उभी राहिली की क्रोमवर गंज चढतो आणि बारीक टोचे पडतात. विक्रीआधी पॉलिश पेपर मारतात, वर ग्रीस चोपडतात, नवं सील किट (रॉडभोवती तेल अडवणाऱ्या रबरी सीलचा संच) टाकतात. बघताना थेंब गळत नाही. कामाला लावली की त्या टोच्यांच्या कडा सील कापत जातात, आणि तुम्ही किटमागून किट बदलत बसता. रॉडला पुन्हा क्रोम केल्याशिवाय किंवा रॉड बदलल्याशिवाय ते थांबत नाही. म्हणून एकेक रॉड पूर्ण बाहेर काढायला लावा, बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करा, डिझेलच्या फडक्याने ग्रीस पुसा आणि उन्हात रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं की किंमत पाडा, नाहीतर निघा. घेतल्यावर स्वतःची मशीन पावसात उभी करताना रॉड जमेल तेवढे आत घ्या. जे बाहेर राहतील त्यांना ग्रीसचा थर द्या.

बूम उचलून इंजिन बंद करा, रॉडवर सीलच्या कडेला खडूची खूण करा, दहा मिनिटं थांबा. खूण सरकली तर आतलं सील किंवा वाल्व पास होतोय, म्हणजे आतल्या आत तेल सोडतोय. त्या वेळी खाली कुणी उभं राहायचं नाही.

कागदांत आरसी बुकावर फायनान्सचा बोजा बघा. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा आरटीओचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चासी नंबरची पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडा. नंबराभोवती तेवढाच रंग ताजा असेल तर आधी तो खरवडून बघा.