लाइव्ह वायर : ठाणे-वाशी लोकलमधे बरोब्बर बसणारा रेडिओ शो

आधीच सांगते, मी काही पॉडकास्टवाली बाई नाही. ऑफिस वाशीला, राहते नौपाड्यात, रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची आणि अर्धा तास कुणाच्या तरी बॅकपॅकमधे नाक खुपसून उभं राहायचं. गाणी ऐकून कंटाळा आला होता तेव्हा ऑफिसातल्या एका मुलीने हा शो सुचवला. जवळपास तासाभराचा एपिसोड असतो, म्हणजे जाताना अर्धा आणि येताना अर्धा. सहा महिने झाले, अजून चालूच आहे.

शोचं नाव लाइव्ह वायर. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला होतो, तिथल्या पब्लिक रेडिओवर लागतो आणि आपल्याला पॉडकास्ट म्हणून फुकट मिळतो. स्टुडिओत बसून बोलत नाहीत, अल्बर्टा रोझ नावाचं जुनं सिनेमा थिएटर आहे तिथे तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर रेकॉर्ड करतात. एक लेखक, एक कॉमेडियन, एक गाणारा किंवा बँड, अशी साधारण मिसळ. होस्ट ल्यूक बरबँक 2013पासून आहे, आणि सोबत एलेना पासारेलो, ती स्वतः निबंध लिहिते, युनिव्हर्सिटीत शिकवते.

सुरुवातीला दोघं आठवड्यात ऐकलेली एकेक चांगली बातमी सांगतात. मग एक खेळ असतो, अमेरिकेतल्या ज्या गावात हा शो लागतो तसं एखादं गाव ल्यूक निवडतो आणि क्लू देत जातो, एलेनाने ओळखायचं. मला त्यातलं एकही गाव आजपर्यंत आलेलं नाही, येणार पण नाही, तरी मी ऐरोली येईपर्यंत मनातल्या मनात अंदाज लावत असते. प्रेक्षकांना एक प्रश्न दिलेला असतो, त्यांची उत्तरं मधेच वाचतात, आणि ती कधीकधी पाहुण्यांपेक्षा भारी निघतात.

पण मला खरं आवडलं ते वेगळंच. लेखक स्टेजवर आला की दुसऱ्या मिनिटाला बोलायला लागलेला असतो! मागच्या वर्षी मी आपल्याकडे एका लेखिकेला ऐकायला गेले होते, हॉलचं नाव सांगत नाही, साडेसहाची वेळ होती, सातला दीपप्रज्वलन झालं, मग स्वागतगीत, मग शाल श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांना पण शाल, मग परिचय करून देणाऱ्या बाईंनी लेखिकेची सगळी पुस्तकं सालासकट वाचून दाखवली, आणि लेखिका बोलायला उभी राहिली तेव्हा खाली चहा ओतायला लागले होते. तिने दहा मिनिटांत आटपलं. बिचारी इतकं छान बोलत होती.

इथे लेखकाला देव्हाऱ्यात बसवत नाहीत, गप्पांना बसवतात. ल्यूक पुस्तक वाचून आलेला असतो हे कळतं, कारण तो एखादी बारीकशी गोष्ट काढून विचारतो, लेखक हसतो, हॉल हसतो, आणि हॉल हसला की समोरचा माणूस खुलतो. कविता वाचणारा माणूस आणि विनोद सांगणारा माणूस एकाच माइकवर पाठोपाठ येतात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता जे नाही आवडत ते. बरेच संदर्भ डोक्यावरून जातात, त्यांचे जुने टीव्ही शो, त्यांचं राजकारण, सगळा हॉल खदाखदा हसतो आणि आपण घणसोलीला उभे. मुलाखत रंगात आली की ब्रेक येतो. आणि मधेमधे देणगीची आठवण करून देतात, पहिल्यांदा मला ते जरा मागल्यासारखं वाटलं.

त्यावर बाबांनी मला ऐकवलं. बाबा म्हणजे पक्के आकाशवाणीवाले, कामगार सभा आणि पुन्हा प्रपंच या कार्यक्रमांवर वाढलेले, प्रपंचमधल्या टेकाडे भावोजींची नक्कल अजून करतात. रविवारी गॅलरीत त्यांच्या एका कानात इअरफोन घातला. इंग्रजी त्यांना फास्ट जातं पण लोकांचं हसणं ऐकून तेही हसत होते, आणि पंधरा मिनिटांनी म्हणाले, "अगं, सत्कार कधी आहे?" मग पैसे कोण देतं विचारलं. म्हटलं श्रोतेच देतात, आणि प्रायोजक. त्यांच्याकडे सार्वजनिक प्रसारणाला सरकारी पैसा पोचवणारं महामंडळ होतं, 1967च्या कायद्याने झालेलं, 2025मधे तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, दोन वर्षांचे मिळून साधारण 110 कोटी डॉलर काढून घेतले आणि त्या महामंडळावर गाशा गुंडाळायची वेळ आली. बाबा म्हणाले, मग मागू देत की, आम्ही पण पोस्टात रांग लावून रेडिओचं लायसन भरायचो, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचो, त्याला काय भीक म्हणत नव्हतो. गप्प बसले मी.

ऐकायचा असेल तर रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवा. पाहुणा ओळखीचा हवा असं काही नाही, मला तर दहात नऊ अनोळखीच असतात. गाणं शेवटी असतं, ते उभ्याने नका ऐकू, खिडकी मिळेल त्या दिवशी ऐका.

आणि हो, या एलेनाची एक गंमत. न्यू ऑर्लीन्सला टेनेसी विल्यम्स या नाटककाराच्या नावाने महोत्सव होतो, त्यात त्याच्या नाटकातल्या नवऱ्यासारखं "स्टेलाऽऽ" असं बेंबीच्या देठापासून ओरडायची स्पर्धा असते. ती जिंकणारी पहिली बाई हीच, 2011 साली. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, आपल्याकडे गडकरी रंगायतनच्या दारात गडकऱ्यांच्या सिंधूच्या नावाने लावा, मी उतरतो. नुसतं म्हणाले नाहीत, गॅलरीतून एक "सिंधूऽऽ" देऊन पण बघितली. समोरच्या बिल्डिंगमधल्या सिंधूकाकू पोळ्या लाटायचं लाटणं हातात घेऊन खिडकीत आल्या.