चिवड्याच्या जाहिरातीतलं पात्र: टूडी की थ्रीडी?

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या चिवड्याच्या ब्रँडसाठी हलतंबोलतं पात्र करायचं, तर टूडी (सपाट चित्रं) की थ्रीडी (संगणकावरचं घन मॉडेल)? टूडीत सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 12 चित्रं लागतात. मेहनत खूप, पण भुवई जराशी वर गेली, गालात चिवडा कोंबला, की पात्र लगेच जिवंत होतं! शिवाय तेच चित्र पाच रुपयांच्या पुडीवर दोन रंगांतही स्वच्छ छापता येतं. अमूलची मुलगी 1966 साली अशीच सपाट रेषांत जन्मली.

थ्रीडीत मॉडेल, रिगिंग (पात्र हलवण्यासाठी आत सांगाडा, म्हणजे रिग, बसवणं), लायटिंग यांतच सुरुवातीला बराच पैसा जातो. मात्र रिग तयार झाला की पुढच्या जाहिराती भराभर निघतात.

वर्षाला दोनच जाहिराती करणाऱ्या नागपूरच्या व्यापाऱ्याने टूडीच घ्यावं. दर आठवड्याला नवी रील हवी असेल, तरच थ्रीडी.