बर्डीवरची वॉरंटी: पार्ट खराब, स्टिकर गायब

संगणकाची वॉरंटी पार्टला नसते, सिरीयल नंबरला असते. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) कुठल्याही काउंटरवर बंद पडलेली हार्ड डिस्क ठेवून पाहा. पोरगा ती चालते की नाही हे नंतर बघतो, आधी उलटीपालटी करून स्टिकर वाचतो. स्टिकर फाटलेलं, पुसलेलं किंवा गायब असेल तर उत्तर ठरलेलं: "भाऊ, सिरीयल दिसून नाही राहिला, कंपनी घेणार नाही." हे उत्तर बऱ्याचदा खरं असतं, पण दर वेळी नाही. नागपुरातली वॉरंटी सेवा किती पाण्यात आहे ते इथेच कळतं.

शहरात रस्ते तीन आहेत: ज्याच्याकडून घेतलं तो दुकानदार, कंपनीने किंवा वितरकाने नेमलेलं सर्व्हिस सेंटर, आणि कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवून थेट कुरिअर.

दुकानदार माऊस, कीबोर्ड, रॅम अशा छोट्या मालाला सगळ्यात बरा. खरेदी ताजी असेल आणि माल शिल्लक असेल तर काउंटरवरच बदलून देतो. त्याची खूण म्हणजे त्याचं स्वतःचं बारकं स्टिकर, महिना-वर्षावर मार्करने टिक केलेलं. ते कंपनीच्या स्टिकरवर डकवलं जातं तेव्हा मात्र पंचाईत होते, कारण काढताना खालचा बारकोडही सोलून येतो. माल घेतानाच ते रिकाम्या जागी लावायला सांगावं. वर्षभरानंतर हाच दुकानदार नुसता मधला माणूस उरतो. चार-सहा नग साठले की एकत्र वितरकाकडे पाठवतो, आणि तोवर तुमचा पार्ट त्याच्या खोक्यात पडून राहतो. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून देतो. सिरीयलवरून वाद झाला तर त्या कार्डाचा उपयोग शून्य.

सर्व्हिस सेंटरची जमेची बाजू म्हणजे जॉबशीट, म्हणजे पार्ट जमा केल्याची नोंदपावती. सिरीयल संगणकात टाकला जातो आणि पुढे काय झालं ते कळत राहतं. मात्र सुट्या पार्टची नागपुरात बहुधा प्राथमिक तपासणीच होते. निर्णय आणि बदली नग मुंबईहून किंवा दुसऱ्या मोठ्या शहरातून येतो, त्यामुळे "दोन दिवसांत फोन करतो" हे मनावर घेऊ नये, दोन-तीन आठवडे धरून चालावं. इथले लोक फिजिकल डॅमेज शोधण्यात पटाईत आहेत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. पार्ट पुढे नाकारला गेला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो.

थेट कंपनीचा रस्ता प्रोसेसर, एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) आणि हार्ड डिस्कसाठी उत्तम. पॅकिंगची कटकट आपल्या माथी येते, पण निर्णय घेणारा आणि पार्ट तपासणारा एकच असतो.

आता मूळ दुखणं. सिरीयल कुठे असतो आणि स्टिकर गेल्यावर तो परत सापडतो का, हे प्रत्येक पार्टचं वेगळं आहे.

हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्या फर्मवेअरमध्येच (आतल्या कायमच्या प्रोग्राममध्ये) सिरीयल लिहिलेला असतो. डिस्क जिवंत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर तो दाखवतं. तो स्क्रीनशॉट, बिलावरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर तिन्ही जुळले तर काउंटरवरच्या नकारावर थांबू नये, थेट कंपनीला मेल करावी. सिरीयल काढलेला किंवा बदललेला असल्यास वॉरंटी नाही, असं बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेलंच असतं, त्यामुळे हक्काने भांडता येत नाही, पण कंपनीने ऐकण्याची शक्यता उरते. डिस्क पूर्ण मेलेली आणि स्टिकरही नाही, तर विषय संपला.

सगळ्यात जास्त स्टिकर मरतात ते एम.२ एसएसडीचे, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचे. मदरबोर्डच्या हीटसिंकखाली (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्टीखाली) मऊ थर्मल पॅड असतं, ते तापून एसएसडीच्या लेबलला चिकटतं, आणि हीटसिंक सरळ वर ओढला की लेबल त्याच्यासोबत निघतं. उपाय सोपा आहे. मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवून पॅड कोमट होऊ द्या, बंद करून प्लग काढा, आणि हीटसिंक ओढण्याऐवजी हलकेच आडवा सरकवत सोडवा. लेबल तरीही निघालंच तर पॅडसकट जपून ठेवा, फेकू नका. एसएसडीची वॉरंटी वर्षांवर आणि लेखनावर (तिच्यावर एकूण किती डेटा लिहिला त्यावर), अशी दोन्हींवर असते. सॅमसंगच्या ९९० प्रोच्या १ टीबी मॉडेलला ५ वर्षं किंवा ६०० टीबी लेखन, जे आधी संपेल ते. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग एसएसडीवर घेणाऱ्यांनी हा आकडा पाहून ठेवावा.

प्रोसेसरला कागदी स्टिकर नसतं. इंटेलच्या झाकणावर एफपीओ म्हणजे बॅच क्रमांक कोरलेला असतो, आणि हिरव्या पट्टीवर कडेला एटीपीओ, म्हणजे त्या नगाचा सिरीयल, बारीक चौकोनी कोडात. क्लेम करताना दोन्ही लागतात, आणि दोन्ही खोक्याच्या लेबलवर छापलेले असतात. म्हणून खोकं फेकायचंच असेल तर लेबलची बाजू कापून बिलाला स्टेपल करावी. थर्मल पेस्टखालचा (प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याच्या मधल्या लेईखालचा) नंबर वाचायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरेसं आहे. ब्लेड लावलंत तर अक्षरंही जातील. बॉक्स पीस (कंपनीच्या खोक्यातला) आणि ट्रे पीस (खोक्याशिवाय सुटा) यातला फरक दुकानदार आपणहून सांगत नाही. ट्रे प्रोसेसरची जबाबदारी विकणाऱ्याची, इंटेलची नाही. बॉक्सवाल्या १३व्या-१४व्या पिढीच्या ठरावीक डेस्कटॉप प्रोसेसरना इंटेलने २०२४ मध्ये वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली आहे. तीन वर्षं झाली म्हणून कोणी परत पाठवत असेल तर मॉडेल तपासून घ्या.

रॅमवरच्या एसपीडी नावाच्या बारक्या माहिती-चिपमध्ये कंपनी, पार्ट नंबर आणि बहुतेकदा बनवल्याचा आठवडा-वर्ष असतं. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतं, पण तिथला सिरीयल स्टिकरवरच्या नंबराशी जुळेलच असं नाही. जोडीत घेतलेल्या रॅमची एकच काडी खराब असली तरी बऱ्याच कंपन्या दोन्ही मागतात. मदरबोर्डचा सिरीयल बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये) असतो किंवा तिथे "डिफॉल्ट स्ट्रिंग" असं काहीतरी निरर्थक येतं. घरगुती जीफोर्स ग्राफिक्स कार्डांचा सिरीयल सॉफ्टवेअरमधून मिळत नाही, मागच्या स्टिकरवरच भिस्त. एसएमपीएसचंही (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचंही) तेच. सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड स्टिकरशिवाय मिळत असेल तर ते वॉरंटी संपलेलंच समजून भाव करावा.

स्टिकर जाण्याची नागपुरी कारणं वेगळीच आहेत. उन्हाळ्यात पारा ४५ पार गेला की बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये गोंद सैल होतो. धूळ काढायला ब्लोअर मारला की कडा उचललेलं लेबल उडून जातं. थिनरने किंवा स्पिरिटने पुसलं तर छापील अक्षरं पुसली जातात. आणि कूलर! खसच्या टट्ट्या लावलेला कूलर संगणकाच्या दिशेने ठेवला की त्याचे तुषार आणि दमटपणा थेट कॅबिनेटमध्ये. कार्डाच्या पट्टीवर गंज, कॉन्टॅक्टवर हिरवट-पांढरा थर. सर्व्हिस सेंटर याला लिक्विड डॅमेज म्हणतं, मग स्टिकर शाबूत असून उपयोग नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या अंबाझरीच्या पुरात भिजलेल्या मशीनसारखी प्रकरणं तर वॉरंटीची नव्हेतच, ती विम्याची.

फिजिकल डॅमेजच्या नावाखाली आणखी दोन गोष्टी हमखास नाकारल्या जातात. एक, इंटेलच्या आणि एएमडीच्या नव्या एएम५ च्या सॉकेटमधली वाकलेली पिन. बोर्ड देताना सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण हवंच. ते नसेल तर काही काउंटर बोर्ड घेतच नाहीत, आणि घेतला तर वाटेत पिन वाकली ते कोणाच्या डोक्यावर फोडायचं? दोन, एएमडीचा जुना एएम४ प्रोसेसर, ज्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात. सुकलेल्या पेस्टमुळे तो प्रोसेसरवरच्या पंख्याच्या कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर काढण्याआधी मशीन थोडं तापवून, डावी-उजवीकडे फिरवून सोडवला तर हे टळतं.

कागदाचं काम खरेदीच्या दिवशीच करायचं असतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल लिहून किंवा छापून घ्या. ० आणि ओ, ८ आणि बी यांची अदलाबदल तिथेच तपासा, कारण बिलावरची एक चूक म्हणजे बिल दुसऱ्याच पार्टचं. पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर सिरीयल टाकून वॉरंटी भारतातली आहे ना ते पाहा. बाहेरून आलेला किंवा ब्रँडेड मशीनमधून काढलेला माल इथेच पकडला जातो. साइटवरची शेवटची तारीख कधी कधी कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजलेली असते, ती बिल दाखवून दुरुस्त होते. थर्मल कागदावरचं बिल मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहिलं तर कोरं होतं, तेव्हा फोटो काढून ठेवाच.

पार्ट देताना जॉबशीटवर सिरीयल, नेमका दोष आणि "जळालेला किंवा तुटलेला नाही" हे लिहून घ्या, आणि त्यांच्या टेबलावरच सगळ्या बाजूंचे फोटो काढा. ग्राफिक्स कार्डाचं खोकं किंवा केबल मागितली नसेल तर देऊ नका, परत येताना त्याच हरवतात. हार्ड डिस्क देण्याआधी डेटा काढून घ्या. बदली नग म्हणजे दुसरीच डिस्क असते, जुनी परत मिळत नाही. सीए किंवा दवाखान्याची बंद पडलेली डिस्क असेल आणि आतला डेटा पुसता येत नसेल, तर वॉरंटी सोडून देणं स्वस्त पडतं.

नकार मिळाला तर तो कारणासकट लेखी घ्या. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही. लेखी हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं. विकणारा दिल्लीचा ऑनलाइनवाला असला तरी तक्रार नागपुरात, म्हणजे आपण राहतो तिथे, करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. खोडलेल्या स्टिकरसाठी मात्र हा खटाटोप करू नये. बिलावर सिरीयल नीट असताना, फक्त "कंपनी घेत नाही" म्हणून परत पाठवलं असेल तरच करावा.

बदली नग आला की त्याचा सिरीयल वेगळा असतो आणि तो मूळ बिलावर नसतो. बहुतेक लोक इथे गाफील राहतात. सहा महिन्यांनी तो नगही गेला की बिल एका नंबरचं आणि पार्ट दुसऱ्याच नंबरचा. म्हणून जुना आणि नवा दोन्ही सिरीयल असलेलं डिलिव्हरी चलान शिक्क्यासकट घ्यावं, मूळ बिलालाच जोडून ठेवावं, आणि बदली नगाची वॉरंटी किती उरली ते त्यावरच लिहून मागावं. नग बहुधा रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा दिलेला) असतो, अटींत तसं लिहिलेलं असतं, त्यावर काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याचं स्टिकर मात्र तिथेच वाचून घ्यावं.