राजारामपुरीतलं प्रसूतिगृह: नॉर्मलचा आग्रह असणाऱ्यांसाठी

सातव्या महिन्यात मी माझ्या मागण्या वहीच्या कागदावर लिहून नेल्या. कळांमध्ये चालू-फिरू द्यावं, आई सोबत हवी, गरज नसेल तर छेद (बाळ बाहेर येताना योनीमार्गाशी देतात तो काप) नको, नाळ घाईनं कापू नये. डॉक्टर मॅडमनी पेन काढून ओळ न् ओळ वाचली. सोबतीला आपलं माणूस असावं आणि सरसकट छेद देऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांतच आहे, असं त्याच म्हणाल्या. नाळेसाठी किमान एक मिनिट थांबू, त्यानं बाळाला लोह जास्त मिळतं. पण बाळानं श्वास घेतला नाही तर लगेच कापणार. "बाळाचे ठोके उतरले तर हा कागद माझ्या खिशात. मग मी म्हणेन तसं." मला हे रोखठोक बोलणं पटलं. सासूबाईंना नाही पटलं, त्यांच्या मते डॉक्टरला काय शिकवायचं!

अडचण रात्रपाळीची. सिस्टरना कागदाचा पत्ताच नव्हता, आईला बाहेर बाकावर बसवलं. फाइलवरची मॅडमची सही दाखवली तेव्हा कुठं आत सोडलं. त्यामुळं सही आधीच घ्या, आणि रात्री मॅडम नसतील तर कोण असेल तेही विचारून ठेवा. छेद लागला नाही, आपसूक फाटलं तिथं थोडे टाके पडले.

ओपीडीत अपॉइंटमेंट नावापुरती, तासभर बसावं लागतं. खोल्या स्वच्छ. पार्किंगच्या नावानं बोंब.